नेरूळच्या फ्लॅटमधलं ड्रम किट आणि हेडफोनचा शोध: प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

इलेक्ट्रॉनिक ड्रम किट आलं एकदाचं. ऐरोलीच्या एका मुलाकडून सेकंडहँड घेतलंय, स्नेअर आणि टॉम ह्या ड्रमना मेशचे (जाळीचे) पॅड, सिंबल म्हणजे झांजा रबरी, पायाने वाजवायच्या किकचा छोटा टॉवर आणि मॉड्यूल, म्हणजे ठोक्याचा ड्रमसारखा आवाज काढणारा डबा. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, लिहिला की सगळी चर्चा तिकडेच जाते आणि इथे विषय हेडफोनचा आहे. पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत येऊन बसलाय त्यामुळे टेम्पोवर ताडपत्री टाकून आणावं लागलं. पॅड कोरडे राहिले, रॅकचे पाइप तेवढे पुसून घेतले.

वाजवणारे दोघं. मी, आणि लेक, ती अकरावीत आहे आणि ड्रम्सच्या क्लासला जाते. मी कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचो पण तेव्हा आवाज स्टेजवरच्या स्पीकरमधून यायचा, हेडफोन साउंडवाल्याच्या गळ्यात असायचा, आपला संबंध नाही. इथे सगळं उलट. फ्लॅट सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधला, शेजारचा मिक्सर लागला तरी कळतं, स्पीकर लावायचा प्रश्नच नाही. म्हणजे ह्या किटला जो काय आवाज आहे तो हेडफोनमध्येच आहे, हेडफोन फालतू तर किट फालतू.

सध्या घरात जे होतं त्यावर सुरू केलं, मोबाईलबरोबर आलेले वायरवाले इअरफोन. किक ऐकूच येत नाही, नुसती टिक येते. आणि काठी रबरावर पडल्याचा ठक्क ठक्क आवाज मॉड्यूलमधल्या सिंबलपेक्षा जास्त येतो. व्हॉल्यूम वाढवला की सिंबल येतो, पण मग थोड्या वेळाने कानात शिट्टी वाजायला लागते.

बजेट दहा हजार, ताणून बारा.

४ जून

ब्लूटूथचा विषय आधी संपवतो, कारण घरात प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच, "अरे तुझ्याकडे ते चांगले ब्लूटूथवाले आहेत ना, ते लाव की".

मॉड्यूलला ब्लूटूथ आहे, पण ते फक्त आत घ्यायला, फोनवरचं गाणं मॉड्यूलमध्ये येतं, मॉड्यूलचा आवाज बाहेर जात नाही. तरी भाच्याकडे एक छोटा ट्रान्समीटर होता तो हेडफोनच्या जॅकला लावून बघितला. लेकीने एक साधा बीट सुरू केला आणि चौथ्या ठोक्यालाच हसायला लागली.

हिशोब असा आहे. साध्या ब्लूटूथवर आवाज पोचायला साधारण १५० ते २५० मिलीसेकंद जातात. १२० च्या टेंपोला एक बीट ५०० मिलीसेकंदाचा, त्याचे चार तुकडे केले तर एक तुकडा १२५ चा. म्हणजे मी मारलेला ठोका मला ऐकू येईपर्यंत पुढचा ठोका मारून झालेला असतो. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो ह्या हिशोबाने २०० मिलीसेकंद म्हणजे जवळजवळ ६८ मीटर, आपण आमच्या गॅलरीत आणि स्नेअर सेक्टरच्या नाक्यावर. कमी लॅगवाले कोडेक (ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या पद्धती) असतात, ४० मिलीसेकंदाच्या आसपासचे, पण ते पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोन्ही बाजूंना लागतात आणि ४० सुद्धा रोल वाजवताना जाणवतात.

मग फोनवरून गाणं ब्लूटूथने मॉड्यूलमध्ये घेतलं तर ते कसं चालतं, असं लेकीने विचारलं. ते चालतं कारण अख्खं गाणंच उशिरा येतं, आणि आपण जे ऐकू येतं त्याच्यावर वाजवतो. गाणं आणि आपले ड्रम दोन्ही शेवटी वायरच्या हेडफोनमध्ये एकत्र येतात. फक्त फोनवर व्हिडिओ बघत वाजवलं तर समोरच्या ड्रमरचा हात आणि आवाज जुळत नाही, स्क्रीन पालथी ठेवायची.

नॉइज कॅन्सलिंगवाले पण ह्यातच निकाली काढतो. ते एसीचा घूं किंवा विमानाचा एकसारखा आवाज छान मारतात, काठीचा अचानक येणारा ठक्क पकडायला त्यांना जमत नाही. शिवाय चार्जिंग. नकोच.

वायर. बंद विषय.

८ जून, रविवार

आज लेक वाजवत होती आणि मी शेजारी फोनवर डेसिबलचं अॅप धरून उभा. अॅपच्या आकड्यावर माझा विश्वास नाही, फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, पण कुठला पॅड जास्त ओरडतो एवढं कळायला पुरतं. मेश वरचा आवाज थप्प, मऊ. राइड आणि हाय-हॅट हे रबरी सिंबल सगळ्यात वर, आणि नेमके तेच कानाच्या जवळ, हातभर अंतरावर.

इथे मला अख्ख्या विषयाची किल्ली सापडली असं वाटतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोक हेडफोन बघताना बेस कसा, ट्रेबल कसा, स्टेज किती रुंद हे बघतात. ड्रम किटसाठी पहिला प्रश्न वेगळा आहे, हा हेडफोन बाहेरचं किती अडवतो. कारण मेंदूला राइडचा आवाज रबराच्या ठक्कच्या वर पाहिजे, त्याशिवाय तो सिंबल वाटतच नाही. ठक्क जेवढा आत येणार त्याच्यावर तेवढा व्हॉल्यूम आपण चढवणार, कुणी सांगायला लागत नाही, हात आपोआप नॉबकडे जातो. हेडफोनने १५ डेसिबल जास्त अडवले तर तेवढंच स्पष्ट ऐकायला १५ डेसिबल कमी पुरतात. आणि १५ डेसिबल म्हणजे किरकोळ गोष्ट नाही. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यासाठीची संस्था आहे, नायॉश, तिची शिफारस अशी की ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पाव तास. म्हणजे ८५ आणि १०० मधला फरक हा आठ तास विरुद्ध पंधरा मिनिटं असा आहे. जागतिक आरोग्य संघटना ऐकण्याच्या उपकरणांसाठी मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास एवढं धरते.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरीच्या कानाचा प्रश्न आहे, त्यामुळे यादीचा क्रम ठरला. अडवणं पहिलं. मग डोक्यावर टिकणं, चष्म्यासकट. मग आपल्या मॉड्यूलवर पुरेसा आवाज निघणं. आवाजाची क्वालिटी चौथी.

१४ जून, शनिवार

भाचा आला होता, तो मिक्सिंग वगैरे करतो, त्याने त्याचे ओपन बॅक हेडफोन आणले. "मामा, एकदा हे लावून बघ, मग बोल". लावले. आवाज अप्रतिम, खोटं कशाला बोलू, टॉम डावीकडून उजवीकडे जातात ते समोर मांडल्यासारखे कळतात. आणि मग राइडवर काठी मारली, रबराचा ठक्क थेट कानात, जसा काही घातलाच नाहीये. ओपन बॅकला पाठीमागून जाळी असते, हवा खेळती राहते म्हणून आवाज मोकळा वाटतो, आणि तीच हवा बाहेरचं सगळं आत घेऊन येते. आतलं बाहेर पण जातं, बायको हॉलमधून विचारत होती कुठलं गाणं लावलंय.

भाच्याचं म्हणणं की व्हॉल्यूम वाढव, मग ठक्क नाही ऐकू येणार. तेच तर नकोय रे बाबा. वाद झाला थोडा, चहा झाला, मिटलं.

क्लोज्ड बॅकच, म्हणजे मागून बंद असलेले.

१८ जून

आज ऑफिसमधून येताना ट्रेनमध्ये स्पेसिफिकेशन वाचत बसलो. ओहमचा गोंधळ बऱ्याच जणांना होतो म्हणून लिहून ठेवतो.

ओहम म्हणजे हेडफोनचा विरोध. मॉड्यूलमधला हेडफोनचा अॅम्प छोटा असतो, एका मर्यादेपलीकडे व्होल्टेज देत नाही, त्यामुळे जास्त ओहमचा हेडफोन लावला की तेवढ्याच नॉबवर आवाज कमी येतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हे सोपं उदाहरण, एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो. तेवढ्याच व्होल्टेजला २५० वाल्याला ८० वाल्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी पॉवर मिळते, म्हणजे साधारण ५ डेसिबलचा फटका. स्टुडिओत वेगळा अॅम्प असतो तिथे २५० ठीक, आपल्याला ३२ किंवा ८०. बाकीचे जे नजरेसमोर आहेत ते सगळे चालण्यासारखे: ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स ३५ ओहम, एम५०एक्स ३८, सोनीचा जुना एमडीआर-७५०६ हा ६३, सेनहायझरचा एचडी २८० प्रो ६४.

अडवण्याचे आकडे कंपन्या देतात ते असे. डीटी ७७० प्रो साधारण १८ डेसिबल. एचडी २८० प्रो ३२ पर्यंत. डीटी ७७० एम म्हणून एक खास ड्रमरसाठी काढलेला आहे, ८० ओहम, त्याला ३५ च्या आसपास सांगतात आणि केबलवरच व्हॉल्यूमचं चाक आहे. कंपनीचा आकडा हा सगळ्यात चांगल्या परिस्थितीतला असतो, केस मध्ये नाहीत, चष्मा नाही, डोकं आदर्श. आणि "पर्यंत" हा शब्द नीट वाचायचा. जाड पॅड वरच्या पट्टीतला आवाज छान अडवतात आणि खालची घुमघुम कमी अडवतात. आपलं नशीब की काठीचा ठक्क वरच्या पट्टीतलाच आहे.

२१ जून, शनिवार

लेकीला घेऊन हार्बरने सीएसएमटी, तिथून चालत धोबी तलाव. वाद्यांच्या दुकानात डेमोचं किट लावलेलं होतं ते बरं झालं, फोनवर गाणं ऐकून हेडफोन निवडला असता तर सगळं वेगळंच निघालं असतं. दुकानातल्या मुलाला सांगितलं की आम्ही वाजवून बघणार, तो म्हणाला बघा की. गर्दी नव्हती, पाऊस होता.

आमची टेस्ट साधी. हेडफोन घालायचा, मॉड्यूलचा व्हॉल्यूम शून्य, आणि राइडवर वाजवायचं. ठक्क किती उरतो ते ऐकायचं. मग व्हॉल्यूम हळूहळू वर, राइडची घंटी ठक्कच्या वर आली की थांबायचं आणि आता कानाला कसं वाटतंय ते बघायचं. नॉब कुठल्या आकड्यावर आहे त्यावर जायचं नाही, ओहम वेगळे असल्यामुळे ती तुलना खोटी आहे. मग मान जोरात हलवायची, क्रॅश सिंबलकडे वळून, हाय-हॅटकडे वाकून, हेडफोन सरकतो का बघायचं.

एम४०एक्स: आवाज स्वच्छ, स्नेअर मस्त, पण शून्य व्हॉल्यूमला ठक्क बराच शिल्लक. लेकीच्या डोक्यावरून मागे सरकत होता.

एम५०एक्स: किक छातीत लागल्यासारखी, मजा येते, अडवणं एम४०एक्सपेक्षा थोडं बरं. बजेटच्या बाहेर. तीन केबल मिळतात आणि काढता येतात ही मोठी सोय, कारण ड्रमवर केबलच आधी मरते.

डीटी ७७० प्रो, ८० ओहमवाला: आरामात नंबर एक, मखमली कुशन, चष्म्यावरही टोचत नाही. बेस खोल. पण वरच्या पट्टीत धार आहे, हाय-हॅट उघडा ठेवून वाजवला की सिस्स डोक्यात जातं, आणि ठक्कही मध्यमच अडतो. लेकीला हाच आवडला, मला पैसे बघून आवडला नाही.

एचडी २८० प्रो: दिसायला अगदी सरकारी. डोकं असं धरतो की बास. पण शून्य व्हॉल्यूमवर राइड वाजवली आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं, ठक्क जवळजवळ गेला होता. किक एम५०एक्सएवढी जाड नाही, सरळ आहे. व्हॉल्यूम खूपच खाली ठेवून सगळं ऐकू आलं.

माझ्या चष्म्याच्या जाड काड्यांमुळे मात्र कुशन आणि गाल यांच्यात फट राहते आणि त्या फटीतून आधी बेस पळतो. चष्मा काढला की किक परत येते. चष्मा काढला की नोटेशन दिसत नाही.

घेतला नाही, विचार करायला घरी आलो. लेक पूर्ण वाटभर डीटी ७७० बद्दल बोलत होती.

२८ जून, शनिवार

मधल्या काळात एक स्वस्तातला जुगाड करून बघायचा होता. कानात घट्ट बसणारे इअरफोन, फोमची टोपी असलेले, आणि त्यावर कारखान्यात घालतात तो इअरमफ. इअरमफ तुर्भ्याला एमआयडीसीत सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात मिळाला, तिथे बूट, हेल्मेट, हातमोजे सगळं लटकवलेलं असतं. दुकानदाराने विचारलं कुठली कंपनी, म्हटलं घरगुती.

अडवण्याच्या बाबतीत ह्याच्यासमोर कुठलाच हेडफोन उभा राहत नाही. फोमची टोपी बोटांनी दाबून, कान वर ओढून आत घालायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची, हे नीट केलं नाही तर अर्धा फायदा जातो. त्यावर मफ. राइडचा ठक्क गायब. दोन्हीची बेरीज होत नाही हे मात्र लक्षात ठेवायचं, २५ आणि २५ मिळून ५० होत नाहीत, दुसऱ्या थराने साधारण ५ डेसिबलची भर पडते असं धरतात, कारण एका मर्यादेनंतर आवाज कानातून न येता हाडातून येतो. ते मला लगेच कळलं. किकचा पाय आपटला की टाचेतून गुडघ्यातून वर धम्म जाणवतं, स्वतःचा श्वास, दात, सगळं ऐकू येतं. लेकीला हे अजिबात सहन झालं नाही, "बाबा, मला माझं गिळणं ऐकू येतंय", काढून टाकलं.

मला आवडलं, पण जून महिन्यात नेरूळमध्ये कानावर एवढं सगळं म्हणजे घामाच्या धारा. नुसते फोमवाले इअरफोन मफशिवाय हा मधला मार्ग आहे आणि चष्म्याचा प्रश्नच संपतो, काडी आणि कुशनचं भांडण नाही. केबल कानाच्या मागून पाठीवर सोडता येते. हे माझ्यासाठी नक्की.

म्हणजे एका हेडफोनमध्ये दोघांचं भागवायचा हट्ट सोडायला हवा.

६ जुलै, आषाढी

सुट्टीचा दिवस, साबुदाण्याची खिचडी खाऊन लेक वाजवायला बसली आणि थोड्या वेळात खालच्या काकू वर. "अहो, नाच चाललाय का?" ड्रम ऐकू येत नाहीत म्हणाल्या, फक्त धप्प धप्प.

कितीही भारी हेडफोन घेतला तरी ह्याच्यावर उपाय नाही, हे स्पष्टच लिहितो. किकचा बीटर पॅडवर आपटतो तो धक्का टॉवरमधून फरशीत आणि फरशीतून खालच्यांच्या छतात जातो, तो हवेतला आवाज नाहीच. नुसती रबरी मॅट टाकून फार फरक पडत नाही. भाच्याने आणि मी मिळून प्लायचे दोन तक्ते आणि मध्ये टेनिस बॉल असा प्लॅटफॉर्म केला, खालच्या तक्त्याला बॉल बसतील एवढी भोकं पाडली, वरचा तक्ता नुसता बॉलवर टेकलेला, कुठेही स्क्रू किंवा भिंतीला स्पर्श नाही. जुने बॉल बिल्डिंगखाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडून घेतले. वरचा तक्ता जेवढा जड तेवढं चांगलं. काकूंना खाली बसवून फोनवर विचारत विचारत वाजवलं, पूर्ण गेला नाही पण टीव्हीच्या आवाजात दबतो म्हणाल्या.

मग त्यांना वर बोलावून हेडफोन घालून दिला. दोन मिनिटं ऐकलं, काठी मागितली, क्रॅशवर एक मारली, दचकल्या. आता तक्रार जरा सौम्य झालीये. रात्री दहानंतर किक बंद, नुसते हात, असं ठरलं. नियमाने पण रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलचीच मर्यादा आहे. बाकी जानेवारीत डी. वाय. पाटीलला कोल्डप्लेचे शो झाले तेव्हा हेच सगळे गच्चीवर जाऊन ऐकत होते, असो.

१२ जुलै, शनिवार

ऑर्डर केली. लेकीसाठी एचडी २८० प्रो. माझ्यासाठी साधे फोमवाले इन-इअर, आणि फोमच्या टोप्यांचं एक जास्तीचं पाकीट. दोन्ही मिळून बजेटमध्ये बसलं.

लेकीला मखमल हवी होती. तिला एवढंच सांगितलं की डीटी ७७० वर कानात आवाज केवढा करावा लागला होता आणि ह्याच्यावर केवढा, आठव. गप्प बसली, पटलं की नाही माहीत नाही.

१९ जुलै

आला. पकड घट्ट आहे हे माहीत होतं, तासाभराने लेकीचं डोकं कानाच्या वरती दुखायला लागलं. उपाय सगळ्यांना माहीत असलेलाच, रात्रभर डोक्यापेक्षा किंचित रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवायचा. अकरावीची फिजिक्स आणि केमिस्ट्री कामाला आली. फार ताणायचा नाही, पकड सैल झाली की अडवणंही जातं, आपण पैसे त्याचेच दिलेत.

२७ जुलै, रविवार

केबल. हा भाग कुणी सांगत नाही आणि रोज छळतो.

एचडी २८० ची केबल फोनच्या जुन्या वायरसारखी गुंडाळलेली, ताणली की तीन मीटरपर्यंत जाते, पण ताणलेली असताना ती सतत डावा कान खाली ओढते. डाव्या कानातूनच निघते आणि आमचा हाय-हॅटही डावीकडे, त्यामुळे पुढून सोडली तर हाताच्या आणि काठीच्या मध्ये येते. आता मागून, टीशर्टच्या कॉलरला क्लिप, तिथून पाठीवरून खाली आणि रॅकच्या पाइपला वेल्क्रोने बांधून मॉड्यूलपर्यंत. क्लिप आणि मॉड्यूलच्या मध्ये थोडी ढिलाई ठेवायची. उठताना हेडफोन काढायचा विसरला तर धक्का क्लिपला बसतो, जॅकला नाही.

पिनबद्दल. आमच्या मॉड्यूलला छोटी पिन लागते. ज्यांच्याकडे मोठी आहे त्यांनी कन्व्हर्टर घेताना तो स्टीरिओचाच आहे ना बघा, पिनवर दोन काळ्या रिंगा असतात. एक रिंग म्हणजे मोनो, तो लावला की एकाच कानात आवाज येतो आणि माणूस हेडफोन बिघडला समजून परत करायला जातो. एचडी २८० बरोबर स्क्रूवाला कन्व्हर्टर येतो, तो डब्यात ठेवून दिलाय.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

ताई आली ती राखीबरोबर कुशनची कव्हरं घेऊन, जुन्या सुती टीशर्टाची शिवलेली, इलॅस्टिक लावून. मी गंमतीत बोललो होतो तिने मनावर घेतलं.

आपल्याकडच्या हवेत हा खरा प्रश्न आहे. काळं रेक्झिनसारखं कुशन घामाने आणि दमटपणाने काही काळाने सोलायला लागतं, कानावर काळे पापुद्रे चिकटतात, आणि एकदा चिरा पडल्या की हवा सुटते, मग बेस आणि अडवणं दोन्ही जातं. मखमली कुशन सोलत नाही पण घाम पिते आणि पावसाळ्यात वाळत नाही. कव्हरने अडवणं किंचित कमी होतं, शून्य व्हॉल्यूमची राइड टेस्ट परत केली, पातळ सुती कापडाला फरक फारसा नाही, जाड टॉवेलच्या कापडाला बराच. म्हणून पातळच, आणि दोन जोड्या, एक वाजवताना एक वाळताना. वाजवून झालं की हेडफोन डब्यात कोंबायचा नाही, खिळ्यावर लटकवायचा, पंख्याखाली.

फोमच्या टोप्याही घामाने चिकट होतात, त्या धुवून पहिल्यासारख्या फुगत नाहीत. बदलायच्या.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर निवांत वेळ होता म्हणून मॉड्यूलच्या आत शिरलो. कंपनीने भरलेले किट, म्हणजे आवाजांचे संच, सगळे प्रचंड गुंजणारे असतात, दुकानात भारी वाटावं म्हणून. रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) अर्ध्याहून कमी केला, आणि आश्चर्य म्हणजे व्हॉल्यूमही आपोआप खाली आला, कारण प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला लागला. हाय-हॅटचा लेव्हल किंचित वर, क्रॅश खाली. क्लिक, म्हणजे ताल धरायला लावतो ती टिकटिक, तिचा आवाज लाकडी ठोकळ्याचा केला, तो स्नेअर आणि सिंबलच्या मधून पातळ असूनही कळतो, बीप डोक्यात जातं.

गाण्याबरोबर वाजवताना लेक आधी ड्रम वाढवायची मग गाणं मग परत ड्रम, असं चढत जायचं. आता नियम, ड्रम ऐकू येत नसतील तर गाणं कमी करायचं. आणि नॉबवर नेलपॉलिशचा लाल ठिपका, त्याच्या पुढे नाही. ठिपका कुठे द्यायचा ते तिनेच ठरवलं, सकाळी, कान ताजे असताना. संध्याकाळी तोच ठिपका तिला कमी वाटतो, म्हणजे कान थकलेत, म्हणजे थांबायचं.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. सोसायटीच्या कार्यक्रमात लेकीचा ग्रुप दोन गाणी वाजवणार आहे, किट खाली मंडपात न्यायचं, मॉड्यूलचं आउटपुट साउंडवाल्याच्या मिक्सरला. आज प्रॅक्टिसला पहिल्यांदा किट स्पीकरवर ऐकलं. हेडफोनमध्ये बारीक वाटणारी किक मंडपाच्या पत्र्याखाली राक्षसासारखी घुमली, क्रॅश बोचत होता. साउंडवाला दादा म्हणाला किकचा लो आम्ही कापतो, तुम्ही मॉड्यूलमध्ये काही करू नका, घरचं सेटिंग घरी राहू दे. बरोबर आहे त्याचं, मंडपासाठी वेगळा किट सेव्ह केला.

लेक मंडपातही एचडी २८० घालूनच वाजवणार, क्लिक फक्त तिला. बाहेरचं अडतं ते इथे उलटं नडलं, गिटारवाला मुलगा काय वाजवतोय ते तिला येईना. एक कान उघडा ठेवून बघितला, तर मागचा स्पीकर त्या कानावर आणि मग क्लिक वाढवावासा वाटतो, नको. शेवटी साउंडवाल्याकडून मॉनिटरची (वाजवणाऱ्यांना ऐकायला देतात ती) एक लाइन घेऊन मॉड्यूलच्या गाणं आत घ्यायच्या जॅकला दिली, आता गिटार आणि गाणारी दोन्ही हेडफोनमध्ये येतात, ठिपक्याच्या आतच. ती लाइन त्याच्या बाजूने मोठ्या पिनची होती, केबल वाशीहून आणली.

राहिलेली कामं: मंडपात केबल पायात येणार नाही अशी चिकटपट्टी. फोमच्या टोप्या संपत आल्यात. कुशनची एक जोडी आधीच मागवून ठेवायची. किट खाली नेताना टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म वरच राहू द्यायचा, काकूंनी बजावलंय की परत येईल तेव्हा त्याच्यावरच लावा.